ब्रेकवरचा पाय

ट्रकच्या पुढच्या चाकाचं दुखणं ओळखायला दोन माणसं लागतात. एकाने खाली बसून, जॅकवर उचललेलं चाक वरून-खालून धरून हलवायचं आणि दुसऱ्याने वर केबिनमध्ये बसून ब्रेक दाबायचा. ब्रेक सोडलेला असताना चाक खडखडलं आणि दाबल्यावर गप्प बसलं, तर दोष बेअरिंगचा. नट आवळला की काम झालं. पण ब्रेक दाबूनही ते खडखडतच राहिलं, तर दोष सांध्याचा. पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला मनगटाएवढी जाड पोलादी पिन उभी असते, चाक तिच्यावरच डावं-उजवं वळतं. तिला किंगपिन म्हणतात आणि ती ज्या कड्यात फिरते त्याला बुश. ती झिजली की मग वादाला तोंड फुटतं: नुसता बुश बदलून भागवायचं, की पिनेसकट सगळा सांधाच नवा घालायचा? ड्रायव्हर लोक या प्रश्नावर मिस्त्रीशी तावातावाने भांडतात आणि शेवटी मिस्त्री सांगेल तेच करतात.

हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका मिस्त्रीचा त्या बाबतीत मोठा दबदबा होता. कुठल्या कुठल्या गावांचे ड्रायव्हर वाट वाकडी करून त्याच्याकडे यायचे. तो चाकाला हात लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगून टाकायचा. लोक म्हणत, काय हात आहे! पण लोकांना अर्धीच गोष्ट दिसते. हात मिस्त्रीचा खरा, पण ब्रेकवरचा पाय त्याच्या बायकोचा होता.

लग्न झालं तेव्हा पगारी माणूस ठेवायची ऐपत नव्हती. म्हणून त्याने नव्या नवरीला केबिनमध्ये चढवलं आणि सांगितलं, "मी दाब म्हटलं की दाबायचा, सोड म्हटलं की सोडायचा. मधे काय वाटेल ते होवो, पाय हलवायचा नाही." तिने नाही हलवला. पुढे चार पैसे हाताशी आले, हाताखाली पोरं आली नि गेली, पण ब्रेकवर मिस्त्रीला दुसरं कोणी चालायचं नाही. पोरं पाय नुसता ठेवतात, दाबत नाहीत, असं त्याचं म्हणणं. ती मात्र दाबायची तर अशी, की खाली चाकाचा दगड व्हायचा. "आयुष्यात यांची एवढी एकच गोष्ट मी ऐकली," असं ती चारचौघांत सांगायची आणि मिस्त्री कान नसल्यासारखा पाना पुसत राहायचा. मनातून त्याला ते फार आवडायचं.

गेल्या हिवाळ्यापासून तिचं बिनसलं. आधी चहात दोनदा साखर, मग एकदाही नाही. जेवून हात धुऊन आली की विचारायची, आज जेवायचं नाही का? एकदा गॅस चालू ठेवून ती मागच्या दारात जाऊन बसली. आणि एकदा भर दुपारी हायवेच्या मधोमध उभी सापडली. दोन्ही बाजूंना ट्रक हॉर्न वाजवत खोळंबलेले आणि ही एकेका ड्रायव्हरला हाताने खूण करून विचारतेय, चहा घेणार का? डॉक्टरांनी त्या दुखण्याला एक लांबलचक नाव दिलं. मिस्त्रीने ते ऐकून घेतलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मुद्दाम विसरून टाकलं.

त्यांना एकच मुलगी. ती दुसऱ्या शहरात, नवरा नि दोन मुलांसह दोन खोल्यांत राहायची. हायवेची गोष्ट तिच्या कानावर गेली आणि तिने धोशा लावला.

"बाबा, आईला मी घेऊन जाते. तुम्ही दिवसभर ट्रकखाली पडून असता. तिच्याकडे कोण बघणार?"

"ती माझ्यासमोर असते."

"समोर असती तर हायवेवर गेली असती का? नाहीतर तुम्हीही चला. दोघंही चला."

"मी तिथे येऊन काय करू? गॅलरीत बसून गाड्या मोजू?"

असं पुष्कळ दिवस चाललं. शेवटी एके दिवशी सकाळी मिस्त्रीने फोनवर आपलं हुकमाचं पान टाकलं. म्हणाला, "तुला वाटतं तिचं डोकं गेलं. मग ब्रेक कसा दाबते गं? सांगितलं की दाबते, सांगितलं की सोडते. एक चूक दाखव. हे काम असलेलं माणूस आहे, अडगळ नाही, तू उचललीस आणि दुसरीकडे ठेवलीस असं व्हायला."

मुलगी म्हणाली, "ठीक आहे. उद्या सकाळी मी येते. माझ्यासमोर दाखवा. आईने ब्रेक दाबला, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही दाबला, तर तिला घेऊन जाईन आणि तुम्ही आडवं यायचं नाही."

"चालेल," मिस्त्री म्हणाला. इतक्या मोठ्याने म्हणाला, की शेजारचा पंक्चरवाला बघायला लागला.

त्याच दिवशी, अजून ऊन चढायचं होतं, तेव्हा रेडिओचा ट्रक आला. रेडिओ हा त्यांच्याकडे येणारा जुना ड्रायव्हर. तोंड कधी बंद नसायचं म्हणून त्याला हे नाव पडलेलं. मिस्त्रीच्या बायकोच्या हातचं तो इतक्या वेळा जेवला होता, की घरच्यासारखाच झाला होता. इंजिन बंद करायच्या आधीच त्याचं सुरू झालं.

"मिस्त्री, स्टिअरिंग हातात नाचतंय बघा. रस्त्याने लोक बाजूला होतायत, म्हणतात ड्रायव्हर प्यालाय. मी म्हटलं, बाबांनो, मी नाही, गाडी प्यालीय! काकू, कशा आहात? काय शिजतंय आज?"

"सगळं शिजतंय," काकू म्हणाली आणि गोड हसली. त्याला ओळखलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

मिस्त्रीला मनातून बरं वाटलं. उद्याची रंगीत तालीम आजच होऊन जाईल, असा त्याचा हिशेब. त्याने डावं चाक जॅकवर उचललं, खाली ठोकळा लावला आणि बायकोला हाक मारली. ती आली. दाराची कडी, पायरी, वरचा दांडा, सगळं तिच्या हातापायांना पाठ होतं. सरसर वर चढून ती सीटवर बसली. मिस्त्रीने रेडिओकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, बघ, काही झालंय का हिला?

ट्रक जुना होता, तेलाच्या ब्रेकचा. हवेचा ब्रेक दाबला-सोडला की फुस्स आवाज येतो. याला आवाज नाही. खालच्या माणसाने वरच्या माणसावर विश्वास ठेवायचा, दुसरी सोय नाही. मिस्त्री उकिडवा बसला. रेडिओ केबिनच्या उघड्या दारापाशी उभा राहून बडबडत होता.

"सोड!" मिस्त्री ओरडला आणि चाक हलवलं. खडखड.

"दाब!"

पुन्हा हलवलं. तीच खडखड.

"दाबलास ना?"

"दाबलाय की!" वरून आवाज आला, ठणठणीत.

त्याने आणखी एकदा सोड म्हटलं, आणखी एकदा दाब म्हटलं. चाकाने एकच गोष्ट सांगितली. ब्रेक असो, नसो, खडखड आहे ती आहेच. म्हणजे बेअरिंग नाही. म्हणजे पिन.

आता इथे एक सोपी गोष्ट होती. ब्रेक दाबलेला असेल तर चाक फिरत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नुसतं चाक फिरवून पाहिलं की संपलं. किंवा उठून दोन पावलं चालून केबिनमध्ये डोकावायचं. मिस्त्रीचा हात चाकाच्या काठावर गेलाही होता. पण फिरवून पाहायचं म्हणजे तिच्यावर संशय घ्यायचा, आणि आजच्या दिवशी तेवढं करायची त्याची छाती होईना. त्याने हात मागे घेतला आणि पँटला पुसला.

"पिना गेल्या," तो म्हणाला.

रेडिओ केबिनच्या आत बघत होता. मग म्हणाला, "दर आठवड्याला ग्रीस मारतो मी, मिस्त्री."

"मारत असशील."

"एकदा परत बघता का नीट?"

मिस्त्रीच्या डोक्यात तिडीक गेली. "का? माझ्या हातावर भरवसा नाही? दुसरीकडे जायचं असेल तर जा, जॅक काढून देतो."

"तसं नाही हो." रेडिओने नजर खाली केली. "बुश बदलून भागेल का?"

"जुन्या पिनेवर नवा बुश घालायचा आणि चार दिवसांनी परत यायचं? रस्त्यात चाक आडवं झालं तर? नवाच सेट आण. पिन, बुश, सगळं."

"बरं," रेडिओ म्हणाला.

बरं, एवढ्यावर रेडिओ थांबल्याचं मिस्त्रीच्या ऐकण्यात कधी नव्हतं. तरी त्याच्या काही लक्षात आलं नाही. रेडिओ पंक्चरवाल्याची स्कूटर घेऊन गावात सामान आणायला गेला आणि मिस्त्री चाक उतरवायला लागला.

काम हाती आलं की मिस्त्रीला जगाचा विसर पडायचा. हा गुण म्हणून आयुष्यभर त्याचं कौतुक झालं होतं. चाक उतरलं, हबचं झाकण निघालं. बेअरिंगचा नट पान्याशिवाय नुसत्या बोटांनी फिरला. त्याखालच्या वॉशरचा, नटाला जागच्या जागी अडवून धरणारा कान तुटून पडला होता. त्याला जरा चमत्कारिक वाटलं, पण पिना गेलेल्या गाडीचं बेअरिंगही सैल पडतं कधीकधी, असं त्याने स्वतःलाच समजावलं. ब्रेकचा ड्रम काढला. बायको मागच्या खोलीत जाऊन पडली असेल असं त्याने धरून चाललं. जेवायची वेळ टळून गेली तरी कोणी हाक मारली नाही, आणि हाक आली नाही म्हणून त्यालाही भूक आठवली नाही. उन्हाने शेडचा पत्रा तडतडत होता.

रेडिओ आला तेव्हा पिन ठोकायचीच बाकी होती. मिस्त्रीने अडकणाची खीळ काढली, पितळी दांडका लावला आणि घण घातला. झिजलेली, कोरडी पडलेली पिन अशी अडकून बसते, की घण मारून मारून खांदे निखळायची वेळ येते. ही चार ठोक्यांत लोण्यातून आल्यासारखी खाली आली.

त्याने ती फडक्याने पुसली. उजेडात धरली. अंगठ्याचं नख वरून खाली ओढलं. कुठे कड नाही, खोबण नाही, एक रेघसुद्धा नाही. रेडिओने आणलेली नवी पिन कागदातून काढून त्याने दोन्हींना जाडी मोजायचा कॅलिपर लावला. मग उलट बाजूने लावला. मग नुसताच दोन हातांत दोन पिना धरून बसला. जुनी कुठली नि नवी कुठली, हे केवळ ग्रीसच्या वासावरून कळत होतं.

पिन चांगली होती. बुश चांगला होता. दोष बेअरिंगचा होता, नट आवळून पाच मिनिटांत जाणारा. आणि बेअरिंगची खडखड ब्रेक दाबल्यावर थांबते. थांबली नव्हती. याचा अर्थ काय, हे त्या धंद्यातल्या कोणालाही सांगावं लागलं नसतं.

"काकूंचे पाय सीटवर होते," रेडिओ हळूच म्हणाला. "मांडी घालून बसल्या होत्या. बाहेर रस्ता बघत होत्या. तुम्ही दाब म्हणाला की मान हलवायच्या."

"तू पाहिलंस?"

"दारातच उभा होतो ना."

"मग बोलला का नाहीस? एरवी तुझं तोंड मिटत नाही!"

"काय बोलू, मिस्त्री?" रेडिओचे डोळे भरून आले. "म्हटलं, नव्या पिना घातल्या तर घातल्या. गाडीचं काही वाईट होत नाही. पण ते तुम्हाला सांगायचं... माझ्याच्याने झालं नाही."

मिस्त्री उताण्या ड्रमवर बसून राहिला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आलं नाही. राग आला, तोही कोणावर काढायचा ते कळेना. मग एकदम त्याच्या मनात आलं आणि तो ताडकन उठला.

"ती कुठे आहे?"

मागची खोली रिकामी होती. शेगडी थंड, भांडी जागच्या जागी. दोघं धावत पुढे आले. रेडिओ हायवेकडे पळाला. मिस्त्री वळला, आणि का कोण जाणे, त्याने ट्रकच्या पायरीवर पाय ठेवून वर पाहिलं.

ती केबिनमध्येच होती. सकाळी चढली तेव्हापासून तिथेच बसली होती. दार ओढून घेतलेलं, काचा बंद, ऊन सरळ आत आलेलं, तोंड लालबुंद, ओठ सुकून पांढरे पडलेले. त्याच्या घणांनी ट्रक हादरत होता तेव्हाही ती आतच होती. पाय सीटवर घेतलेले आणि हात मांडीवर.

"अगं!" त्याने दार ओढून उघडलं. "अगं, उतरली का नाहीस?"

"तुम्ही उतर म्हणालाच नाहीत," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून घाबरली. "दाबला होता मी. हलवला नाही पाय. हलवला का हो?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "नाही हलवलास. दगडासारखं होतं चाक."

"मग झालं तर." ती हसली.

त्याने तिला काखेत हात घालून खाली घेतलं. तिचे पाय आखडले होते, उभी राहीना. सीट ओली झाली होती. रेडिओ हायवेवरून परत आला, त्याने केबिनमध्ये पाहिलं आणि फडकं नि बादली घेऊन वर चढला. मिस्त्रीने तिला खोलीत नेलं, पाणी पाजलं, कपडे बदलले. पाणी ती घटाघट प्यायली, तांब्यामागून तांब्या. मुलीने विचारलं होतं, तिच्याकडे कोण बघणार? त्याने उत्तर दिलं होतं, ती माझ्यासमोर असते. हाताच्या अंतरावर होती ती, डोक्याच्या वर. आणि तो पिन बघत होता.

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून जुनी पिन परत बसवली, नवं वॉशर घातलं, नट आवळला, चाक चढवलं. या खेपेला ब्रेकवर रेडिओ बसला. खडखड बंद झाली होती. काम करता करता मिस्त्रीने त्याला मुलीशी लागलेली पैजही सांगून टाकली होती. नवा सेट परत करून येतो असं मिस्त्री म्हणाला, पण रेडिओने तो सीटखाली टाकला, म्हणाला, असू दे, कधीतरी लागेलच.

मग तो हात धुता धुता म्हणाला, "मिस्त्री, उद्या ताई येणार आहे ना? मी सकाळपर्यंत थांबतो. याच गाडीवर दाखवा. काकूंना बसवा, मी पलीकडच्या दाराने चढतो आणि खाली वाकून हाताने पेडल दाबतो. ताईला खालून काय दिसणार आहे?"

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं. वाईट बेत नव्हता. उलट, चांगला होता. मुलगी साधी होती, आणि दिला शब्द पाळणारी होती. एकदा चाक घट्ट लागलेलं तिने पाहिलं की पुन्हा विषय काढला नसता. खोटं बोलायला मिस्त्रीचीही ना नव्हती. धंद्यात कोण बोलत नाही? त्या रात्री जेवताना तो तेच घोळवत होता. बायको समोर बसून निवांत जेवत होती. मधेच तिने विचारलं, "आज किती गाड्या झाल्या?" तो म्हणाला, "एकच." ती म्हणाली, "एक का होईना, नीट झाली ना?"

ती इथे राहावी म्हणून तो एवढा भांडत होता, ते तिच्यासाठी होतं असं तो इतके दिवस समजत होता. तिला काम आहे, तिची सवय आहे, तिला तिथे करमणार नाही. खरं तर करमणार नव्हतं त्याला. तिचं काय, ती बंद काचेच्या आतही दिवसभर हसत बसली असती, तो उतर म्हणेपर्यंत. हे कळायला त्याला एक चांगली पिन ठोकून काढावी लागली. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त, तिची फार कीव आली.

सकाळी उठल्या उठल्या त्याने रेडिओला चहा दिला आणि सांगितलं, "निघ तू."

"आणि ताई?"

"ताईचं मी बघतो. उन्हाच्या आत निघ."

रेडिओला बरंच काही बोलायचं होतं. त्याने फक्त काकूच्या पायांना हात लावला, गाडी सुरू केली आणि निघून गेला. आवारात तेलाचे डाग तेवढे राहिले.

मुलगी भाड्याच्या गाडीने आली. प्रवासाने तोंड सुकलेलं, हातात येत्या थंडीसाठी आईला आणलेला नवा स्वेटर. आईने तिला लगेच ओळखलं, नावाने हाक मारली, आणि तेवढ्याने मुलीचा चेहरा उजळला. स्वेटर घालून दाखव म्हणून आग्रह झाला, बटणं वरखाली लागली, दोघी हसल्या. मिस्त्री उंबऱ्यात उभा राहून बघत होता. असंच चालू राहावं, कोणी काही विचारू नये, असं त्याला वाटत होतं.

मग मुलीने आवारात पाहिलं. "बाबा, ट्रक कुठाय? दाखवणार होता ना?"

"गेला."

"दुसरा येईल ना? मी थांबते दुपारपर्यंत."

"थांबू नकोस." मिस्त्री म्हणाला. "ती ब्रेक दाबत नाही. दाबलाय म्हणते, पण पाय वर घेऊन बसते. काल मी चांगल्या गाडीचा सांधा उलगडून बसलो त्यापायी. आणि..." ओल्या सीटचं त्याला सांगायचं नव्हतं, पण त्याने तेही सांगितलं. काचा बंद होत्या हे सांगितलं. किती वेळ ते सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. घेऊन जा तिला."

त्याला वाटलं होतं, मुलीला निदान थोडं बरं वाटेल. शेवटी तिचंच खरं झालं होतं. पण ती खाटेवर मटकन बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय झालं?"

"मला वाटलं होतं, तुम्ही दाखवाल." ती हुंदके देत होती. "गाडीत बसल्यापासून मी तेच म्हणत होते, आईने ब्रेक दाबू दे, मला खोटं पडू दे. तुम्ही इतक्या खात्रीने बोलत होता, बाबा. मला वाटलं, आहे थोडीफार आई अजून."

मिस्त्री तिच्याजवळ जाऊन बसला. तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, तर हाताला ग्रीस होतं, म्हणून तो परत मांडीवर ठेवला. मुलीनेच तो उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. आई समोर बसून दोघांकडे बघत होती. तिने विचारलं, "का रडतेय ही? हिला चहा दिला नाही का कोणी?"

सामान असं फारसं नव्हतंच. कपडे, औषधं, उशी. रात्री झोपताना दिवा पूर्ण घालवायचा नाही, चहा बशीत ओतून द्यायचा, नाहीतर तोंड भाजतं, आंघोळीला नको म्हणाली तर वाद घालायचा नाही, थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं. मिस्त्री एकेक सांगत होता आणि मुलगी मान डोलवत होती. इतक्या बारीकसारीक गोष्टी बाबांना माहीत असतील, असं तिला वाटलं नव्हतं. ती पुन्हा एकदा म्हणाली, "तुम्हीही चला ना." आणि तो म्हणाला, "बघू. शेडचं काहीतरी करतो, मग बघू." दोघांनाही ते खरं वाटलं नाही, पण दोघांनीही ते तसंच राहू दिलं.

गाडीत बसताना बायको थबकली. तिने दाराला धरून मागे पाहिलं.

"तुम्ही नाही येत?"

मिस्त्रीच्या तोंडून आयुष्यभराचं उत्तर आपोआप निघालं. लग्नकार्य असो, मुलीच्या शाळेचा समारंभ असो, दवाखाना असो, हे एकच उत्तर तिने त्याच्याकडून ऐकलं होतं.

"गिऱ्हाइकाची गाडी उभीय गं. ती झाली की येतो."

तिने आवाराकडे पाहिलं. आवार या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामं होतं. तेवढ्यात मुलीने तोंड फिरवलं. पण बायकोने ते रिकामं आवार नीट निरखून पाहिलं, खूप काम पडलंय अशा चेहऱ्याने मान हलवली आणि ती आत बसली.

"मग उरका," ती म्हणाली. "घाई करू नका पण. जेवायला थांबते मी."

"थांबू नको, तू जेवून घे."

"थांबते," ती म्हणाली, आणि गाडी हलली. काचेतून ती हसतच होती. येतो म्हटलं की हा माणूस उशिरा का होईना पण येतो, एवढं तिला अजून पक्कं आठवत होतं.